पाहिले ते लिहून ठेवले : सर अलेक्झांडर कनिंगहॅम ह्यांचे जीवनकार्य

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींचे आपल्या नव्या मुलखाशी जे नाते जुळते, ते आधी नोकरीचे असते, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते आणि पुढे हळूहळू तेथल्या मातीचे होते. भोपाळात काही वर्षे काढलेल्या माणसास सांची, विदिशा, सतधारा ही नावे घरच्यासारखी वाटू लागतात. मुलखाकडचे पाहुणे आले की त्यांना सांचीला घेऊन जावयाचे, हा तर येथील कित्येक मराठी घरांचा शिरस्ताच आहे. मात्र त्या टेकडीवरील तोरणे डोळे भरून पाहताना, ह्या साऱ्याची ओळख आपणांस कोणी करून दिली हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. सांची असो, सारनाथ असो, श्रावस्ती असो की तक्षशिला, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता एक नाव पुनःपुन्हा समोर येते. ते म्हणजे सर अलेक्झांडर कनिंगहॅम. आमच्या मंडळाच्या ह्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांनी जे शोधले ते मोठे आहेच. परंतु समोर असूनही त्यांना जे ओळखता आले नाही, त्यापासूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते.

कनिंगहॅम ह्यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडन येथे झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. वडील ॲलन कनिंगहॅम हे तरुणपणी पाथरवटाचे काम शिकले होते. पुढे ते कवी म्हणून नावारूपास आले आणि चॅन्ट्री नामक प्रसिद्ध शिल्पकाराच्या कारखान्याची देखरेख करू लागले. दगडाची पारख आणि शब्दाची आवड ही दोन्ही मुलांस अशी घरातच मिळाली. ॲलन ह्यांचे स्नेही, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट, ह्यांच्या शब्दामुळे जोसेफ व अलेक्झांडर ह्या दोघा भावांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात प्रवेश मिळाला. वडीलबंधू जोसेफ ह्यांनी पुढे शिखांचा इतिहास लिहिला. अलेक्झांडर स्थापत्याचे लष्करी शिक्षण घेऊन १८३३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बंगाल इंजिनिअर्स ह्या पथकातील कनिष्ठ अधिकारी म्हणून कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्यात त्यांना गुरू भेटला तो टांकसाळीत. जेम्स प्रिन्सेप हे तेथे धातूंची पारख करणारे अधिकारी होते आणि जुन्या नाण्यांवरील व स्तंभांवरील अज्ञात अक्षरांनी त्यांना वेड लावले होते. प्रिन्सेप कनिंगहॅमपेक्षा सुमारे चौदा वर्षांनी वडील. परंतु दोघांचे सूर तत्काळ जुळले. १८३७ साली प्रिन्सेप ह्यांनी ब्राह्मी लिपी वाचून दाखविली आणि हजार वर्षांहून अधिक काळ मुका झालेला अशोक बोलू लागला. हे काम जवळून पाहण्याचे भाग्य ह्या तरुण अधिकाऱ्यास लाभले. दुर्दैवाने १८४० साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, प्रिन्सेप निवर्तले. गुरूचे अर्धे राहिलेले काम आपल्या माथी आले आहे, ह्याच भावनेने कनिंगहॅम ह्यांनी पुढील आयुष्य वेचले असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांच्या हातची पहिली कुदळ सारनाथच्या मातीत पडली. १८३५ साली, एकवीस वर्षांच्या वयात, त्यांनी स्वखर्चाने तेथे खोदकाम आरंभिले. धमेक स्तूपाच्या माथ्यापासून थेट पायापर्यंत त्यांनी एक उभी विहीर खणली. स्तूपाच्या पोटात अस्थी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आली ती बौद्ध धर्मवचन कोरलेली एक शिळा आणि तळाशी जुन्या मोठ्या विटा. परंतु सारनाथने त्यांना जो खरा धडा दिला, तो निराळाच होता. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १७९४ साली, जगतसिंह नामक काशीच्या एका दिवाणाच्या माणसांनी बाजारपेठ बांधण्याकरिता शेजारचा एक भव्य स्तूप विटांसाठी पार उकरून नेला होता. त्या कामावर लहानपणी राबलेला एक म्हातारा कनिंगहॅम ह्यांना शोधून काढता आला. त्याने दाखविलेल्या जागी खणता, अस्थिकरंडक जिच्यात होता ती दगडी पेटी पुन्हा सापडली. त्या म्हाताऱ्याने स्मरणात जपले म्हणून तेवढे तरी कळले. कनिंगहॅम ह्यांनी स्वतः बाहेर काढलेल्या मूर्तींपैकी काही कलकत्त्यास रवाना झाल्या. पण मागे राहिलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती व कोरीव दगड पुढे वरुणा नदीवरील पुलाच्या खांबांस आधार म्हणून पाण्यात लोटले गेले. भग्नावशेष काळाने झिजतात त्याहून वेगाने ते माणसाच्या रोजच्या गरजेपायी नाहीसे होतात, हे त्यांनी विशीतच पाहिले.

ह्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे शिपाईगिरीत व बांधकामात गेली. काही काळ ते गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ह्यांचे अंगरक्षक अधिकारी होते. काही काळ अवधच्या नवाबाकडे अभियंता होते. मराठी वाचकांस स्मरण करून देण्यासारखी गोष्ट अशी, की २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ पनियार येथे शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांची जी लढाई झाली, तीत कनिंगहॅम इंग्रजांच्या बाजूने लढत होते. त्यानंतर ग्वाल्हेरीसच अभियंता म्हणून राहून त्यांनी मुरार नदीवर दगडी पूल बांधला. शीख युद्धांत ते होते, लडाखच्या सीमा आखण्यास गेले होते, ब्रह्मदेशात मुख्य अभियंता होते. परंतु छावणी कोठेही पडो, आसपासची टेकाडे, मोडकी देवळे आणि सराफाच्या पेढीवरील जुनी नाणी पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे.

ह्याच काळात, १८५१ साली, लेफ्टनंट मेझी ह्यांच्यासमवेत ते आमच्या ह्या परिसरात आले. सांची, सोनारी, सतधारा, भोजपूर, अंधेर येथील स्तूप त्यांनी एकामागून एक उघडले. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्र व मौद्गल्यायन ह्यांची नावे कोरलेल्या पेट्या व त्यांत अस्थिकरंडक मिळाले. दुसऱ्या स्तूपात अनेक स्थविरांच्या अस्थी मिळाल्या. तोवर केवळ ग्रंथांत असलेली नावे अशी प्रथमच जमिनीतून वर आली. १८५४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भिलसा येथील स्तूपांवरचा ग्रंथ हा ह्या विषयावरील पायाभूत ग्रंथ ठरला. मात्र ह्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजच्या शास्त्राच्या कसोटीस ती घाईची खोदाई उतरत नाही. मातीचे थर पाहण्याची रीत त्या वेळी नव्हती. स्तूपाच्या मध्यात खड्डा घालून करंडक काढावयाचा, एवढेच उद्दिष्ट असे. अस्थी विलायतेस गेल्या त्या शंभर वर्षे परत आल्या नाहीत. स्वतंत्र भारताने १९५२ साली, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत, त्या सांचीच्या नव्या विहारात पुनश्च प्रतिष्ठित केल्या. सांचीच्या स्तूपांची आज दिसणारी नीटस डागडुजी कनिंगहॅम ह्यांची नव्हे. ती मुख्यत्वे सर जॉन मार्शल ह्यांनी १९१२ ते १९१९ ह्या वर्षांत केली.

१८६१ साली मेजर जनरल होऊन कनिंगहॅम लष्करातून निवृत्त झाले. वय सत्तेचाळीस. बहुतेक अधिकारी अशा वेळी मायदेशीचे जहाज पकडीत. कनिंगहॅम ह्यांनी मात्र लॉर्ड कॅनिंग ह्यांच्यापुढे एक निवेदन ठेविले. ह्या देशातील प्राचीन वास्तू मूकपणे नष्ट होत आहेत, त्यांची पाहणी, मापे व वर्णन करून ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. ते मान्य झाले आणि उत्तर हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचे काम त्यांच्याकडे आले. आजचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आपला आरंभ ह्याच वर्षापासून मोजते.

त्यांच्या शोधाची पद्धत सोपी होती, परंतु ती पाळण्यास कमालीची चिकाटी हवी होती. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू भारतभर फिरला होता. अमक्या नगरापासून तमके नगर कोणत्या दिशेस, किती अंतरावर, तेथे किती विहार व किती स्तूप, ह्यांची नोंद तो करीत गेला होता. त्याच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद १८५७-५८ साली प्रसिद्ध झाला. कनिंगहॅम ह्यांनी तो हाती धरला आणि ते त्या यात्रेकरूच्या मागोमाग निघाले. चिनी अंतराचे मैल करावयाचे, दिशा धरून जावयाचे, पोहोचल्यावर गावकऱ्यांस जुन्या विटांच्या टेकाडाविषयी विचारावयाचे, मोजमाप घ्यावयाचे आणि वर्णनाशी ताडून पाहावयाचे. अशा रीतीने १८६१ ते १८६५ ह्या अवघ्या चार हिवाळ्यांत नालंदा, कुशीनगर, कौशांबी, अहिच्छत्र, श्रावस्ती ही स्थळे त्यांनी नकाशावर पक्की केली. सहेत-महेत येथे त्यांना बोधिसत्त्वाची एक प्रचंड मूर्ती सापडली आणि तिच्यावरील लेखात श्रावस्तीचे नावच निघाले. तक्षशिलेच्या बाबतीत प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराने दिलेले अंतर जमिनीवरील पुराव्याशी जुळेना. तेव्हा नामांकित ग्रंथकाराची भीड न धरता त्यांनी पुराव्याची बाजू घेतली आणि शाहढेरीजवळचे विस्तीर्ण अवशेष हीच तक्षशिला होय असे ठरविले. पुढील उत्खननांनी ते खरे ठरविले. कपिलवस्तूचा त्यांचा निर्णय मात्र साफ चुकला.

१८६६ साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली ही पाहणी बंद केली. कनिंगहॅम इंग्लंडास परतले आणि एका बँकेचे संचालक झाले. परंतु लॉर्ड मेयो ह्यांच्या कारकीर्दीत खाते पुन्हा उभारण्याचे ठरले आणि १८७१ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते पहिले महासंचालक म्हणून परत आले. बेग्लर, कार्लाइल आणि गॅरिक ह्या साहाय्यकांसह त्यांनी पुढील चौदा वर्षे उत्तर व मध्य हिंदुस्थान पिंजून काढला. ह्या साऱ्याचे फलित म्हणजे २३ खंडांत प्रसिद्ध झालेले अहवाल. त्यांत देवळे आहेत, मशिदी आहेत, किल्ले आहेत, ओसाड टेकाडे आहेत. नकाशे, लेखांचे ठसे आणि गावोगावच्या दंतकथाही आहेत. ज्या वास्तूंची आज वीटही उरलेली नाही, अशा कित्येकांची मापे केवळ ह्या खंडांत सापडतात.

ह्या दुसऱ्या पर्वातील मुकुटमणी म्हणजे भरहुत. सतन्याजवळील ह्या खेड्यात १८७३ साली ते पोहोचले, तेव्हा मूळ विटांचा स्तूप गावकऱ्यांनी घरांसाठी जवळजवळ संपूर्ण नेलेला होता. दगडी कठड्याचा जो भाग ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता, तोच वाचला. तो उकरताच जातककथांचे पटच्या पट उजेडात आले आणि नवलाची गोष्ट अशी, की कलाकारांनी कित्येक चित्रांवर त्यांची नावे कोरून ठेविली होती. अनाथपिंडिकाने भूमीवर नाणी अंथरून जेतवन विकत घेतल्याचे दृश्य तेथे नावानिशी आहे. आणि त्याच जेतवनाची खरी जागा कनिंगहॅम ह्यांनी दहा वर्षांपूर्वी सहेतच्या टेकाडात पाहिली होती. हे अवशेष जागच्या जागी ठेवले तर ते उरणार नाहीत अशी त्यांची खात्री झाली आणि ते कलकत्त्याच्या संग्रहालयात हलविण्यात आले. मूळ स्थानापासून शिल्प तोडणे चांगले नव्हे, हे खरे. तथापि वरुणेच्या पात्रात गेलेल्या मूर्ती ज्यास ठाऊक होत्या, त्याने दुसरे काय करावयाचे होते?

आता जे निसटले त्याकडे वळू.

विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी खांब उभा आहे. आसपासचे लोक त्यास खांबबाबा म्हणून भजत. १८७७ साली कनिंगहॅम तेथे गेले. खांबाची घडण त्यांनी न्याहाळली, त्याची नोंद केली आणि तो गुप्तकाळातला असावा असा अंदाज केला. भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या चढविलेल्या शेंदराचा जाड थर खांबावर होता; त्याखाली काय आहे हे त्यांना दिसले नाही. १९०९ साली तो थर निघाला आणि खाली ब्राह्मी अक्षरे उमटली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, तक्षशिलेचा रहिवासी व तेथील यवन राजाचा वकील हेलिओडोरस ह्याने वासुदेवाप्रीत्यर्थ हा गरुडध्वज उभारला, असे त्या लेखात आहे. एक ग्रीक पुरुष, वासुदेवाचा भक्त, आणि तोही तक्षशिलेचा. ती तक्षशिला, जी स्वतः कनिंगहॅम ह्यांनी शोधून काढली होती! आयुष्यभर ज्या दोन धाग्यांमागे ते धावले, ते दोन्ही ह्या खांबावर एकत्र गुंफलेले होते आणि ते त्याच्या हातभर अंतरावर उभे होते.

दुसरी गोष्ट हडप्प्याची. तेथे ते १८५३ व १८५६ साली गेले आणि पुन्हा १८७२-७३ साली गेले. दरम्यान लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या कंत्राटदारांनी तेथील विटा इतक्या उचलल्या होत्या, की सुमारे १०० मैल मार्गावर त्या रुळांखाली पसरल्या गेल्या. मोडतोडीतून वाचलेली एक लहानशी काळ्या दगडाची मुद्रा त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यावर वशिंड नसलेला बैल होता आणि वर अनोळखी अक्षरे. असा बैल व अशी अक्षरे ह्या देशातील नव्हेत, सबब मुद्रा परदेशातून आलेली असावी, असे त्यांनी लिहिले. हडप्प्याचे नाते त्यांनी युआन श्वांगच्या प्रवासाशी जोडण्याचा यत्न केला. जो चिनी यात्रेकरू इतरत्र त्यांचा वाटाड्या झाला, तो येथे उपयोगी पडला नाही. कारण त्याच्या जन्मापूर्वी अडीच हजार वर्षे ते नगर ओस पडले होते. सिंधू संस्कृती कनिंगहॅम ह्यांच्या तळहातावर होती आणि ती त्यांनी ओळखली नाही.

ह्यावरून त्यांना हसण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने आमच्याच एका थोर विद्वानाची कथा ऐकावी. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर हे पुरातत्त्व खात्यात मोठे अधिकारी होते. १९११-१२ साली ते मोहेंजोदडो येथे गेले. तेथील विटा त्यांना अर्वाचीन वाटल्या आणि हे गाव फार तर दोनशे वर्षांचे, असे त्यांनी कळविले. तेच भांडारकर दोन वर्षांनी बेसनगरला आले आणि खांबबाबाच्या परिसरात उत्खनन करून कनिंगहॅम ह्यांना न उलगडलेल्या स्थळावर त्यांनी भरपूर प्रकाश पाडला. एका ठिकाणी दृष्टी चालते, दुसऱ्या ठिकाणी ती चालत नाही. विद्वत्ता कमी पडली असे ह्यास म्हणता येत नाही. ज्याची कल्पनाच अद्याप कोणास आलेली नाही, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांस सहसा दिसत नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

परंतु कनिंगहॅम ह्यांनी एक गोष्ट केली आणि तीच आम्हांस त्यांच्या चरित्राचे सार वाटते. ती मुद्रा आपल्या सिद्धांतात बसत नाही म्हणून त्यांनी बाजूस टाकली नाही. १८७५ साली छापलेल्या अहवालात तिचे चित्र त्यांनी काळजीपूर्वक दिले. खांबाचा काळ त्यांनी चुकीचा सांगितला, पण खांबाची नोंद केली. त्यांचा अर्थ पुढे खोडून निघाला. नोंद मात्र टिकली. १९२१ साली दयाराम साहनी ह्यांनी हडप्पा खणण्यास आरंभ केला, १९२२ साली राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडोस गेले, आणि १९२४ साली मार्शल ह्यांनी नव्या संस्कृतीची वार्ता जगास दिली. तेव्हा जमिनीतून निघणाऱ्या मुद्रांची जुळी बहीण जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच छापून ठेवलेली होती. त्याच १९२४-२५ च्या हंगामात मोहेंजोदडोस काम केलेले पंढरपूरचे काशीनाथ नारायण दीक्षित हे पुढे १९३७ ते १९४४ ह्या काळात कनिंगहॅम ह्यांच्याच आसनावर महासंचालक म्हणून बसले, ही आम्हां मराठी जनांस अभिमानाची गोष्ट होय.

१८८५ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कनिंगहॅम ह्यांनी निवृत्ती घेतली. त्या सुमारास त्यांचा संग्रह विलायतेस नेणारे ‘इंडस’ नावाचे जहाज सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा समुद्रात गेल्या. सोन्याचांदीची नाणी मात्र वाचली. ती पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. इतरांच्या हातून वस्तू नाहीशा होताना ज्याने सारा जन्म पाहिला, त्याचा स्वतःचा ठेवाही असा पाण्यात जावा, हा दैवाचा विलक्षण खेळ म्हणावा लागेल. वृद्धापकाळीही त्यांची लेखणी थांबली नाही. १८९१ साली प्राचीन भारतीय नाण्यांवरील ग्रंथ आणि १८९२ साली बुद्धगयेच्या महाबोधी मंदिरावरील ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ते परक्या सत्तेचे सेवक होते. त्यांचे लक्ष बौद्ध स्थळांकडे अधिक आणि दक्षिणेकडे कमी होते. त्यांच्या कुदळीने काही पुरावे कायमचे पुसले. हे सर्व मान्य करूनही, ह्या देशाचा हरवलेला नकाशा पुन्हा मांडण्याचे श्रेय त्यांच्याइतके दुसऱ्या कोणा एका व्यक्तीस देता येणार नाही, असे आमचे मत आहे.

आमच्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्यवृत्ताच्या वह्या ही स्मरणिका सिद्ध करताना फार उपयोगी पडल्या. त्या लिहिणाऱ्या चिटणिसांपैकी कोणास आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नसेल. त्यांनी घडले ते लिहून ठेविले, एवढेच. आपण जेथे राहतो तेथील जुनी बारव, पडका वाडा, शेतातील कोरीव दगड ह्यांचीही अशीच साधी नोंद कोणीतरी करून ठेवावी. अर्थ लागला नाही तरी चालेल, तो लावणारा मागाहून येईल. आणि सांचीला पाहुणे घेऊन जाल तेव्हा थोडा वेळ काढून बेसनगरलाही जावे. शेंदूर निघालेला तो खांब तेथे अजून उभा आहे.